तोच शब्द, अर्थ मात्र निराळा

आपल्यापैकी अनेक घरांत बोलणे उर्दूत चालते आणि कागदपत्रे मराठीत येतात. दोन्ही भाषा शिकवताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. अनोळखी शब्द आला की मूल थांबते, विचारते. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र ते विचारत नाही आणि तिथेच फसते.

हे सगळ्याच भाषांत घडते. स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाला 'एम्बारासादा' हा शब्द 'एम्बॅरस्ड', म्हणजे ओशाळलेली, असा वाटतो. खरा अर्थ आहे 'गरोदर'! फ्रेंच भाषेत अशा शब्दांना 'खोटे मित्र' म्हणतात. उर्दू-मराठीत असे मित्र पुष्कळ आहेत, कारण दोन्ही भाषांनी अरबी-फारसी शब्द भरपूर घेतले. दख्खनच्या सुलतानांच्या काळात कचेरीतून मराठीत आलेले हे शब्द इथे रुळले आणि काहींचे अर्थ बदलले.

शाळेतले शब्द आधी पाहू. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, मराठीत 'दप्तर' मुलाच्या पाठीवर असते. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'हरकत' उर्दूत हालचाल, मराठीत आक्षेप. 'शिकस्त' उर्दूत पराभव, पण मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा.

इथे चुकले तर चार गुण जातात. पुढच्या शब्दांत नुकसान मोठे आहे.

खून : घरी आपण रक्ताला खून म्हणतो. मराठीत खून म्हणजे हत्या. दवाखान्यात 'रक्त' म्हणावे.

इशारा : उर्दूत खूण, संकेत. मराठीत धोक्याची सूचना. हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला, तर होडी किनाऱ्यालाच ठेवावी.

गुन्हा : 'गुनाह' अल्लाहपुढचा. मराठी 'गुन्हा' कायद्यापुढचा, उर्दूत ज्याला 'जुर्म' म्हणतात तो.

तक्रार : उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. रेशन मिळाले नाही म्हणून तक्रार अर्ज देणे हे भांडण उकरणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

राजीनामा : सर्वांत जपून वापरायचा शब्द हाच. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेली तडजोड. मराठीत तो नोकरी सोडल्याचा कागद, म्हणजे उर्दूतला 'इस्तीफा'. मालकाशी समेट झाला असे समजून कोणी त्यावर सही केली, तर वाद मिटेल, पण नोकरीही जाईल.

यात उर्दू चूक नाही आणि मराठीही चूक नाही. एकाच घरच्या दोन लेकी दोन सासरी गेल्या आणि तिथल्या रीतीने राहू लागल्या, इतकेच.

मुलांना एक वही करून द्या. तीन रकाने आखा : शब्द, उर्दू अर्थ, मराठी अर्थ. आठवड्याला पाच शब्द भरले तरी पुरे. आणि घरात कोणताही मराठी कागद सहीसाठी आला, तर आधी मराठी शिकणाऱ्या मुलाकडून तो मोठ्याने वाचून घ्या. ओळखीच्या शब्दाचाही अर्थ विचारा. उत्तर पक्के नसेल, तर जाणकाराला दाखवा. सही त्यानंतर.