फुटबॉलच्या सामन्यासाठीं कोलकात्याची यात्रा

शनिवार-रविवारच्या सुटींत कोलकात्यास जाऊन मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन जुन्या संघांचा फुटबॉलचा सामना प्रत्यक्ष पाहावा, अशी इच्छा क्रीडाप्रेमी कुटुंबांत उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. पहिला संघ १८८९ सालचा, दुसरा १९२० चा. पहिला पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा आणि दुसरा पूर्व बंगालमधून आलेल्यांचा, अशी जुनी समजूत आहे. त्यामुळें हा सामना म्हणजे घराघरांतील मानापमानाचा प्रश्न होऊन बसतो. परंतु तीर्थयात्रा आणि ही यात्रा यांत एक मोठा भेद आहे. देऊळ जागचें हलत नाहीं. सामन्याची तारीख मात्र हलते.

याचा प्रत्यय २०२४ सालीं आला. ड्युरँड चषकांतील या दोन संघांचा सामना रविवार, १८ ऑगस्ट रोजीं व्हावयाचा होता. एका तरुण महिला डॉक्टरच्या हत्येमुळें शहर क्षुब्ध झालेलें होतें, आणि बंदोबस्ताच्या अडचणीमुळें आदल्या दिवशीं सामना रद्द झाला. त्या रविवारीं दोन्ही संघांचे चाहते आपलें वैर विसरून क्रीडांगणाबाहेर न्यायाच्या मागणीसाठीं एकत्र जमले. केवळ नव्वद मिनिटांच्या खेळावर भिस्त ठेवून दूरच्या गांवाहून निघालेल्या माणसाची त्या दिवशीं काय अवस्था होईल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

मग योजना कशी आखावी? मुंबईहून हावड्यापर्यंतचा लोहमार्ग सुमारें २,००० किलोमीटरचा. एका बाजूच्या प्रवासालाच एक दिवसाहून अधिक काळ लागतो. तेव्हां दोन दिवसांच्या सुटींत विमानावांचून गत्यंतर नाहीं. सामना रविवारीं सायंकाळीं असेल तर परतीचें विमान सोमवारचें घ्यावें. हजारों लोकांच्या गर्दींतून वेळेवर बाहेर पडण्याची खात्री कोणींही देऊं शकत नाहीं. सामन्याचें तिकीट अधिकृत विक्रींतूनच घ्यावें, आणि प्रवासाचें तिकीट शक्यतों बदलतां येईल असें असावें.

उतरावयाचें तें एस्प्लनेडच्या आसपास. २२ ऑगस्ट २०२५ पासून हावडा, एस्प्लनेड, सियालदा आणि सॉल्ट लेक स्टेडियम हीं स्थानकें मेट्रोच्या एकाच अखंड मार्गावर आलीं आहेत. शिवाय एस्प्लनेडपासून जुनें मैदान जवळच आहे. शनिवारची सकाळ तेथें घालवावी. याच मैदानावर २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, एक गडी वगळतां बाकीचे सारे अनवाणी खेळले होते. मोठा सामना रद्द झाला तरी हें स्थलदर्शन कोणी हिरावून घेत नाहीं. जवळपास स्थानिक लीगचा एखादा लहान सामना असल्यास तोही पाहावा.

सामन्याच्या दिवशीं लवकर पोहोचावें. आपली जागा कोणत्या पक्षाच्या बाजूस आहे, हें आधीं जाणून घ्यावें. लाल-सोनेरी रंग ईस्ट बंगालचा, हिरवा-तांबूस मोहन बागानचा. चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें, तें घरच्या मंडळींनीं अगोदर ठरवावें. ही अनाठायीं भीति नव्हे. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यांत दंगल होऊन चेंगराचेंगरींत १६ प्रेक्षकांचे प्राण गेले. म्हणून खेळ संपतांच दाराकडे धांव न घेतां गर्दी ओसरूं द्यावी.

रात्रीच्या जेवणांतही सामन्याचा निकाल उमटतो. ईस्ट बंगाल जिंकला तर हिलसा मासा, मोहन बागान जिंकला तर कोळंबी, असा तेथील संकेत आहे. ज्या पाहुण्याचा कोणताच पक्ष नाहीं, त्यास दोन्हींची मोकळीक आहे.