खोली हॉटेलची, भाव पोर्टलचा

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीचा बेत ठरू लागला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील आपल्या घरांतून पूर्वी दोन ठिकाणी विचारणा होत असे : यात्रेचे ठिकाण असेल तर धर्मशाळेच्या व्यवस्थापकाकडे, आणि थंड हवेचे ठिकाण असेल तर स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजंटकडे. आता घरातील धाकटी सून किंवा नातू पाच मिनिटांत मोबाइलवर महाबळेश्वरची खोली घेऊन मोकळा होतो. सोय झाली, यात शंका नाही. परंतु या सोयीचे पैसे कोण देतो, भाव कोण ठरवतो आणि काही बिघडले तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न व्यापारी घरातील माणसाला पडलेच पाहिजेत. शिवाय आपल्यापैकी अनेकांचे लोणावळा, माथेरान, अलिबाग या बाजूला स्वतःचे लहानसे हॉटेल किंवा बंगला भाड्याने देण्याचा जोडव्यवसाय आहे. त्यांच्यासाठी तर हा रोजच्या गल्ल्याचा विषय आहे.

आपल्याला अडत ही संस्था नवी नाही. माल आणणारा एक, घेणारा दुसरा आणि मध्ये अडत्या. ही अडत कोणी सोसायची यावरून वाद होतात, तेही आपण पाहिले आहेत. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे राज्य शासनाने ठरवले, तेव्हा बाजार समित्यांत व्यवहार बंद पडले होते. हॉटेल आरक्षणाचे पोर्टल हा एक अडत्याच आहे. फरक इतकाच, की बाजारातील अडत्याने कधी असे म्हटले नाही, की ‘माझ्या गाळ्यावर जो भाव लावलास त्याहून कमी भावाने तू दुसऱ्या कोणत्याही गाळ्यावर विकायचे नाहीस.’ पोर्टलांनी मात्र हेच म्हटले. करारातील या अटीला समान भावाची अट म्हणतात. तिच्या जोडीला खोल्यांचीही अट असते : दुसऱ्या पोर्टलला जितक्या खोल्या विक्रीस दिल्या, तितक्या आम्हालाही दिल्याच पाहिजेत.

वरवर पाहता ही अट ग्राहकाच्या हिताची वाटते, कारण कोठेही पाहिले तरी भाव तोच. पण जरा खोलात जाऊन विचार करावा. एखादे नवे पोर्टल हॉटेलकडून २० ऐवजी १० टक्केच कमिशन घ्यायला तयार झाले, तरी हॉटेलमालकाला त्या पोर्टलवर भाव उतरवता येत नाही. मग ग्राहकाने त्या नव्या पोर्टलकडे का वळावे? अर्थात कमिशन कमी करण्यात कोणालाच फायदा उरत नाही, आणि वाढलेले कमिशन अखेर खोलीच्या भाड्यातच मिसळले जाते.

हॉटेल आणि रेस्टॉरंट व्यावसायिकांच्या राष्ट्रीय महासंघाने हीच तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. २०१९ मध्ये चौकशीचा आदेश झाला आणि १९ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल आला. मेकमायट्रिप व गोआयबिबो या एकाच समूहावर २२३ कोटी ४८ लाख रुपये आणि ओयोवर १६८ कोटी ८८ लाख रुपये असा दंड ठोठावण्यात आला. ओयोचा संबंध असा, की तिच्याशी झालेल्या व्यवहारामुळे ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या प्रतिस्पर्धी साखळ्यांना मेकमायट्रिपच्या यादीतून वगळण्यात आले, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दुकानाच्या फळीवरून शेजाऱ्याचा माल काढून टाकावा, तसाच हा प्रकार. दोन्ही कंपन्यांनी निकालाला अपील न्यायाधिकरणात आव्हान दिले.

दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे होते ते दंडासोबतचे निर्देश. इतर पोर्टलांच्या संदर्भातील समान भाव व समान खोल्यांची अट करारातून काढावी, एकट्याशीच व्यवहार करण्याची सक्ती नसावी, आणि एखादे हॉटेल करार संपल्यामुळे किंवा वाट्याच्या खोल्या संपल्यामुळे दिसत नसेल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असे त्यात होते. शेवटचा मुद्दा साधा दिसतो, पण ‘खोल्या शिल्लक नाहीत’ हे वाचून आपण किती वेळा पुढचे, महागडे हॉटेल घेतले असेल! प्रत्यक्षात हॉटेल रिकामे असू शकते. संपलेला असतो तो पोर्टलचा वाटा.

युरोप या बाबतीत आपल्यापुढे गेला. फ्रान्सने २०१५ मध्ये कायद्यानेच अशा अटी रद्द केल्या. जर्मनीच्या स्पर्धा नियंत्रकाने त्याच वर्षी बुकिंग डॉट कॉमला मनाई केली व २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयानेही, अशा अटी पोर्टलच्या व्यवसायाला अपरिहार्य आहेत हा युक्तिवाद स्वीकारला नाही. आपल्याकडे मोठ्या डिजिटल कंपन्यांना आधीपासूनच नियमांत बांधणाऱ्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत असताना हॉटेलचे कर्जप्रकरण तपासताना आम्ही खोल्यांची संख्या, भरलेल्या दिवसांचे प्रमाण आणि सरासरी भाडे या तीन आकड्यांवर भर देत असू. आज मी चौथा आकडा आधी विचारीन : पोर्टलची वजावट होऊन हातात काय पडते? २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला आनंद झाला. पण ५ टक्क्यांच्या दरासोबत हॉटेलची इनपुट टॅक्स क्रेडिटची सवलत गेली, हे फारसे कोणी बोलले नाही.

उदाहरणादाखल भाडे ३,००० रुपये आणि कमिशन २० टक्के धरू. कमिशन ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८ रुपये. पूर्वी हे १०८ रुपये हॉटेलला आपल्या कराच्या देण्यातून वळते करून घेता येत, म्हणून हातात २,४०० रुपये उरत. आता तो खर्चच झाला. उरतात २,२९२. ग्राहकाचे बिल ३,३६० वरून ३,१५० वर आले, म्हणजे २१० रुपये वाचले, आणि हॉटेलमालकाचे १०८ गेले. धुलाई, फर्निचर यांवरील कराचा भार वेगळाच. शिवाय पोर्टल पैसे देताना अर्धा टक्का जीएसटीपोटी आणि ०.१ टक्का आयकरापोटी कापून घेते. या उदाहरणात १५ आणि ३ रुपये. हे दोन्ही परत वळते होतात, परंतु पोर्टलने भरलेले विवरण आणि आपली वही दर महिन्याला ताडून पाहिली तरच. हे काम जमाखर्चात मुरलेल्या आपल्या समाजाने तरी टाळू नये.

ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, अशा घरगुती निवासांच्या बाबतीत खोलीवरील जीएसटी भरण्याची जबाबदारी कायद्याने थेट पोर्टलवर टाकली आहे. आपण नोंदणीकृत नाही म्हणून पोर्टलवरील पाहुण्याला कर लागणार नाही, असे गृहीत धरू नये.

व्यापारासाठी प्रवास करणाऱ्यांना एक सूचना. सुरतेला माल पाहायला गेलात आणि तेथे मुक्काम केलात, तर हॉटेलच्या बिलावर केंद्राचा आणि गुजरातचा जीएसटी लागतो. महाराष्ट्रातील नोंदणीवर त्याचे क्रेडिट मिळत नाही, मग बिलावर आपला क्रमांक टाकलेला असला तरी. पोर्टलच्या सेवाशुल्काचे क्रेडिट मात्र मिळू शकते. त्यासाठी आरक्षण करतानाच आपला जीएसटी क्रमांक भरावा लागतो.

राहिली ग्राहकाची बाजू. ‘फक्त १ खोली शिल्लक’, ‘आत्ता ७ जण हेच हॉटेल पाहत आहेत’ असा खोटा धाक घालणे, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे, न मागितलेला विमा किंवा देणगी बिलात सरकवणे या गोष्टींना ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे. असे १३ प्रकार त्यात नोंदवले आहेत. पैसे भरण्यापूर्वी आधीच खूण केलेली चौकट शोधून काढून टाकावी. घरातील ज्येष्ठांनी तर ही सवय लावून घ्यावीच.

आरक्षण रद्द झाले किंवा हॉटेलवर पोहोचल्यावर खोलीच नाही असे कळले, तर पोर्टल हॉटेलकडे बोट दाखवते आणि हॉटेल पोर्टलकडे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पोर्टलला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निवारण करावे लागते. म्हणून फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी तक्रार करावी, आणि पडद्याचे फोटो, आरक्षणाचा क्रमांक, रद्द करण्याच्या अटी जपून ठेवाव्यात. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडेही मुदतीत हरकत नोंदवावी. बँक ती पुढे पाठवण्यास बांधील असते, हे काउंटरवरचा नवा कर्मचारी कधी कधी विसरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे : कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो वा बंगळूरूला, तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. डोंबिवली-कल्याणकरांसाठी तो ठाण्यातच आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही.

तीर्थयात्रेच्या आरक्षणाबाबत मात्र वेगळी सावधगिरी हवी. धर्मशाळा आणि अतिथिगृहांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उभारून पैसे उकळले जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथ, चारधाम आणि सोमनाथच्या आरक्षणांबाबत तसा जाहीर इशारा दिला होता. शोधात सर्वांत वर दिसणारा क्रमांक संस्थेचाच असतो असे नाही, तो जाहिरातीचाही असू शकतो. संस्थेच्या छापील पत्रिकेवरील किंवा आपल्या मंदिराच्या कार्यालयातून मिळालेला क्रमांक लावावा, आणि खाते संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर दिसले तर पैसे पाठवू नयेत. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० वर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.