रुग्णालयांतील अफूजन्य वेदनाशामकांची औषधयोजना : गुणवत्तेच्या मूल्यमापनाचा विचार

मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे प्रभावी वेदनाशामक होय. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर ते मुख्यत्वे वापरले जाते. तथापि, गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील कठोर शिक्षा व परवान्यांची किचकट पद्धत यांमुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच टाळले आणि देशातील त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ च्या दुरुस्तीने परवानगीची पद्धत सुलभ केली. भीती मात्र पूर्णपणे गेलेली नाही.

अशा स्थितीत औषधयोजनेची गुणवत्ता कशी मोजावी? अमेरिकेत अतिवापरामुळे व्यसन व मृत्यू वाढले, म्हणून तेथे चिठ्ठ्या व मात्रा कमी करण्यावर भर देण्यात आला. तोच निकष आपल्याकडे जसाच्या तसा लावल्यास ज्या रुग्णालयात मॉर्फिनची एकही गोळी नाही ते सर्वोत्तम ठरेल!

म्हणून मूल्यमापनाचा आरंभ साठ्याच्या नोंदवहीपासून नव्हे, तर केसपेपरपासून व्हावा. नोंदवहीत गोळ्यांचा हिशेब असतो, वेदनेचा नसतो. शून्य ते दहा या श्रेणीत वेदनेची तीव्रता औषधापूर्वी व औषधानंतर नोंदविली आहे काय, हे प्रथम पाहावे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. सततच्या वेदनेत केवळ 'गरज भासल्यास' असे लिहिणे हा त्यामुळे दोषच मानावा लागेल. बद्धकोष्ठता जवळजवळ अटळ असल्याने सोबत रेचक लिहिले आहे काय? मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णात औषधाचे घटक शरीरात साचतात. तेथे मात्रा बदलली आहे काय? झोपेचे औषध त्याच वेळी दिल्यास श्वसन मंदावण्याचा धोका वाढतो, तोही तपासावा.

पाबळसारख्या गावातील रुग्ण कर्करोगाच्या उपचारासाठी पुण्यास जातो. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचे उपशामक सेवा केंद्र कार्यरत आहे. परंतु रुग्णाचे बहुतेक दिवस घरीच जातात आणि 'मॉर्फिन सुरू झाले म्हणजे संपले' या समजुतीने नातेवाईकच गोळी लांबणीवर टाकतात. (ही समजूत सुशिक्षित घरांतही असते.) रात्रीची मात्रा कोणास समजावून सांगितली, याची नोंद घरी सोडतानाच्या कागदावर हवी. त्याच कागदावर दिलेल्या गोळ्यांची संख्या आणि पुढील भेटीची तारीख असते. गोळ्या त्या तारखेपर्यंत पुरतात काय, हे साध्या भागाकाराने कळते.