चिनी चित्रांमागचं मुंबईचं जहाज

निळ्या झग्यातले चिनी अंमलदार, तांबड्या छत्र्या, चहाच्या मळ्यातल्या बायका. चौकटीत बसवलेली अशी जुनी चित्रं दिसली की गिऱ्हाईक आधी रंगांवर भाळतं. जाणकार मात्र चौकट उघडून कागद उलटा करतो. मागे इंग्रजी मजकूर छापलेला असेल, तर ते पान बहुधा एखाद्या सचित्र साप्ताहिकातून कापलेलं. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' तेव्हा काळ्या शाईत छापला जाई. त्यातल्या चिनी चित्रांवर आज दिसणारे रंग बहुतेक वेळा पुढे विक्रेत्यांनी कुंचल्याने भरून घेतलेले असतात. झग्याचा तो निळा चीनचा नव्हे, दुकानाच्या पसंतीचा.

आता भिंग लावा. मोठ्या चित्रात मधूनच एखादी सरळ, पांढरी रेघ जाते. ठसा बॉक्सवुडचा. त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून आडवे कापलेले लहान ठोकळे जोडून पानभर ठसा करत. घाईच्या वेळी सांध्यांवरच्या रेषा आधी कोरायच्या, मग ठोकळे सुटे करून कारागिरांत वाटायचे. एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे चेहरे. रात्र जागून काम उरकायचं, सकाळी ठोकळे पुन्हा आवळायचे. सांधा किंचित हलला की ती रेघ उमटायची. अख्ख्या चित्रात मला हीच खूण सर्वांत प्रामाणिक वाटते.

कारण प्रसंग नेहमीच पाहिलेला नसे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या 14 मे 1842 च्या पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र होतं. ब्रिटिश म्युझियममधलं शहराचं जुनं चित्र उतरवून त्यावर ज्वाळा चढवल्या होत्या! पुस्तकांतही तेच. थॉमस ॲलमची चीनची दृश्यं 1843 पासून घरोघरी गेली, पण ॲलम चीनला कधी गेलाच नाही. त्याने इतरांची रेखाटनं वापरली. त्यांत 1793 च्या मॅकार्टनी वकिलातीबरोबर गेलेल्या विल्यम अलेक्झांडरचीही होती. साप्ताहिकाने 1857 मध्ये चार्ल्स वर्गमनला चीनला धाडलं, तेव्हा कुठे प्रत्यक्ष पाहून काढलेली रेखाटनं बोटीने लंडनला जाऊ लागली.

मला मात्र सर्वांत जवळचं वाटतं ते नानकिंग तहाचं चित्र. 29 ऑगस्ट 1842 रोजी पहिल्या अफू युद्धाचा शेवट या तहाने झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. कॅप्टन जॉन प्लॅटने तो प्रसंग रंगवला, जॉन बर्नेटने तो कोरला आणि 1846 मध्ये लंडनमध्ये छापून निघाला. टेबलाभोवती गणवेशांची दाटी, मध्ये चिनी वकील. सगळे चेहरे निरखतात. ज्या जहाजावर ही मंडळी बसली आहेत, त्याची चौकशी कोणी करत नाही. ते 'कॉर्नवॉलिस', 74 तोफांचं, 1813 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधलेलं. पुरतं सागवानी.

मुंबईची गोदी मलबार आणि कानड्याच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या सागवानावर चाले. जोयडा तालुक्यातली, काळी नदीच्या खोऱ्यातली सागाची रानं याच कानड्यातली. युद्ध ज्या अफूपायी पेटलं, त्यातली माळव्याची अफूही मुंबईच्याच बंदरातून चीनला जात होती. चित्रात त्या अफूची एक पेटीही दिसत नाही, आणि ही उणीव मला रंगाच्या खोटेपणाहून मोठी वाटते.

जहाज मात्र टिकलं. 1865 पासून ते इंग्लंडात शियरनेसला धक्का म्हणून उभं होतं. ते मोडलं 1957 मध्ये.