मनीसाठी नळ का सोडला?

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे कधी गेलात, तर एक गंमत बघायला मिळू शकते. टेबलावर मनी बसलेली असते. डॉक्टर तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, क्षणभर ऐकतात आणि बेसिनचा नळ चालू करतात! हात धुवायला नाही हं, मनीला गप्प करायला.

मांजर काही फक्त लाडात आल्यावर गुरगुरत नाही. घाबरलं तरी गुरगुरतं, दुखत असलं तरी गुरगुरतं. श्वास घेताना गुरगुर, सोडतानाही गुरगुर! मग त्या आवाजात फुप्फुसांचा नाजूक आवाज ऐकू येणार कसा? नळाची धार सुरू झाली की बरीच मांजरं कान टवकारतात आणि गुरगुर थांबते. तेवढ्यात डॉक्टर ऐकून घेतात.

हा स्टेथोस्कोप जन्माला आला कागदापासून. 1816 मध्ये पॅरिसच्या रने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि आतले आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आले. तुम्हीही जाड कागद गुंडाळून आईच्या नाहीतर बाबांच्या छातीला लावून बघा. ऐकू येतंय ना?

पण अनुभवी डॉक्टर स्टेथोस्कोप उचलण्याआधी जरा लांबूनच बघत राहतात. मनीला किंवा मोती कुत्र्याला "छातीत भरल्यासारखं वाटतंय" असं थोडंच सांगता येतं? म्हणून ते बघतात, की जोर कधी लागतोय. श्वास आत घेताना, की बाहेर सोडताना? मला ही युक्ती सगळ्या यंत्रांपेक्षा भारी वाटते. कारण एवढ्यावरूनच बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो.

कसा, ते सांगते. शहाळ्यात बराच वेळ राहिलेली कागदी स्ट्रॉ नरम पडते. तिच्यातून जोरात पाणी ओढलं की ती चपटी होते, हो ना? मानेतली श्वासनळी सैल पडली की तिचंही तसंच होतं. श्वास आत ओढताना ती चपटते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांमध्ये श्वासनळीच्या कड्या कधी कधी कमजोर होतात आणि त्यांना 'हाँक, हाँक' असा कोरडा ठसका लागतो. पगच्या तर नाकपुड्याच अरुंद असतात. तो बिचारा हवा आत ओढतानाच घोरल्यासारखा आवाज करतो.

छातीच्या आतल्या बारीक नळ्यांचं मात्र उलटं असतं. श्वास घेताना छाती फुलते, तेव्हा त्या ताणल्या जाऊन मोकळ्या होतात. श्वास सोडताना त्या आवळल्या जातात. त्यात सूज असेल तर वाट आणखी अरुंद होते. म्हणून दमा झालेलं मांजर हवा बाहेर ढकलायला पोटाने जोर लावतं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

उन्हातून आलेला मोती जीभ काढून मिनिटाला 300 च्या आसपास धापा टाकतो. तो आजार नव्हे! त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून तो असा थंड होतो. पण मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. तिथे डॉक्टर आधी त्याला ऑक्सिजन देतात आणि शांत होऊ देतात. तपासण्या नंतर. धडपड केली तर त्याचा श्वास आणखी कोंडतो.

मग एक्स-रे. त्यात हवा काळी दिसते. फुप्फुसात पाणी किंवा पू साचला असेल, तर तिथे पांढरं दिसतं. एवढ्यानेही उलगडलं नाही, तर भूल देऊन श्वासनळीतून थोडं सलाईन आत सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. त्यासोबत आतल्या पेशी येतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

तुम्हालाही डॉक्टरांना मदत करता येते बरं का! मोती गाढ झोपलेला असताना त्याची छाती 30 सेकंदांत किती वेळा वर-खाली होते ते मोजा आणि दुप्पट करा. सहसा आकडा 30 च्या आत असतो, मांजराचाही. पुन्हा पुन्हा जास्त येत असेल, तर मोठ्यांना सांगा. आणि खोकला आला की आईच्या मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर खोकला नेमका गायब होतो! मनी मान लांब करून, जमिनीलगत दबून खोकते तेव्हा घरच्यांना वाटतं, पोटातला केसांचा गोळा बाहेर काढतेय. गोळा काही पडत नाही. व्हिडिओ बघून डॉक्टरांना मात्र दम्याची शंका येते.

दम्यावर मनीला काय देतात, सांगू? पंप! तुमच्या वर्गातल्या एखाद्या मित्राकडे असतो तसाच, फक्त पुढे मांजराच्या तोंडाला बसेल असा छोटा मास्क. आधी काही दिवस नुसता मास्क दाखवायचा आणि आवडता खाऊ द्यायचा. तिची भीती मोडली, की मास्क तोंडाला लावून औषध सोडायचं आणि तिचे 7 ते 10 श्वास होईपर्यंत मोजत राहायचं.