बालवाडीच्या खेळात आई-बापही हवेत

बालवाडीच्या क्रीडादिनी पोरं पळतात, आपण कडेला उभे राहून ओरडतो आणि मागं राहिलेलं पोर रडतं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला नंबर कशाला हवा?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ साली ते कोसबाडला नेले. महागड्या साधनांऐवजी शिंपले, पाने, बिया त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. मैदानावरही तेच करावे. रिकाम्या पोत्यावर पोर बसवावे, बापाने ते गवतावरून ओढावे. आईने सूप धरावे, पोराने चिंध्यांचा चेंडू त्यात टाकावा. लिंबू-चमचा मात्र नकोच. लिंबू पडते नि तोंडही पडते! गूळ-शेंगदाणे सर्वांना सारखे.

कासूसारख्या भाताच्या गावी कापणी-झोडणी उरकली की माणसं मोकळी होतात. आपल्याकडे तेव्हाच गाळप जोरात, बाप उसाच्या फडात. म्हणून आपले खेळ गाळपाआधी उरकावेत. तोडणी कामगारांची पोरं मात्र गाळपाबरोबरच येतात. त्यांच्यासाठी कोप्यांजवळ वेगळी संध्याकाळ राखावी, गाड्या खाली करून आई-बाप परतल्यावर.