अल्टरनेटरची पट्टी का तुटते, आणि जाड केली तरी पुन्हा का तुटते?

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, मग तिला डिझेल इंजिन कशाला? बंदरात शिरायला, वारा पडला तर पुढे जायला आणि वीज तयार करायला. दिवे, जीपीएस, रेडिओ, तळातलं पाणी उपसणारा पंप हे सगळं बॅटरीवर चालतं. ती बॅटरी भरतो इंजिनावरचा अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सर्रास डायनामो म्हणतात तो. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात काही तुटलं तर वाटेत गॅरेज नसतं.

आता आपली पट्टी बघू. अल्टरनेटर इंजिनाच्या बाजूला एका ब्रॅकेटवर टांगलेला असतो. खाली एक बोल्ट, ज्याभोवती तो फिरतो, आणि वर खाच असलेली एक पट्टी, जिनं बेल्टचा ताण लावतात. बऱ्याच छोट्या इंजिनांत हाच बेल्ट थंड पाण्याचा पंपही फिरवतो. ब्रॅकेट तुटला की बेल्ट सैल, पाणी बंद, इंजिन गरम. वीज जाते आणि पाठोपाठ इंजिनही.

तुटल्यावर पहिला विचार येतो, "पट्टी कमजोर होती, जाड बसवू." जरा थांबा. आधी भार किती आहे ते काढू.

१४ व्होल्टला १०० अँपिअर देणारा अल्टरनेटर १४०० वॅट वीज देतो. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर त्याला बेल्टकडून सुमारे २५५० वॅट लागतात. पुली ६५ मिलिमीटरची आणि मिनिटाला ४००० फेऱ्या धरल्या, तर बेल्टचा वेग सेकंदाला साधारण १३.६ मीटर. भागाकार करा: ओढ सुमारे १९० न्यूटन, म्हणजे १९ किलो वजनाइतकी. यात बेल्टचा सुरुवातीचा ताण मिळवला तरी पोलादी पट्टी एका झटक्यात तुटावी इतका हा भार नाही.

मग ती तुटते कशानं? मोजणीनं. दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चाललं, तर सेकंदाला ३० ठोके पडतात. तासाला १ लाख ८ हजार. शंभर तासांत १ कोटी ८ लाख. प्रत्येक ठोक्याला पट्टी केसभर वाकते आणि परत येते. खाचेच्या कोपऱ्यात किंवा बोल्टच्या भोकाशी बारीक चीर सुरू होते आणि थोडी थोडी पुढे सरकते. यालाच धातूचा थकवा, म्हणजे फटीग, म्हणतात. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं: एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला की आस तुटतो.

दुसरी गोष्ट, अनुनाद. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा जनरेटर सेट तुमच्या सोसायटीत असेल, तर त्याचं इंजिन ठरलेल्या १५०० फेऱ्यांवरच चालतं, कारण वीज ५० हर्ट्झची हवी. तिथे ब्रॅकेटची स्वाभाविक कंपनसंख्या ठोक्यांच्या पटींपासून लांब ठेवणं तुलनेनं सोपं. होडीचं इंजिन मात्र कमी-जास्त वेगानं चालतं. कुठल्यातरी वेगाला गाठ पडतेच.

जुन्या इंजिनावर ही गाठ बऱ्याचदा मालकच घालून देतो. समजा, मूळ अल्टरनेटर ४ किलोचा होता आणि ब्रॅकेटसह त्याची कंपनसंख्या १२० हर्ट्झ होती. जादा विजेसाठी ६ किलोचा बसवला. पट्टीचा ताठपणा तोच राहिला, तर कंपनसंख्या ४/६ च्या वर्गमुळाच्या पटीत उतरून ९८ वर येते. आता याच इंजिनाचा वेग १९६० झाला की ठोक्यांची तिप्पट बरोबर ९८! नेमका तोच जर रोजचा वेग असेल, तर पट्टीचे दिवस भरले. त्यात म्हाताऱ्या इंजिनाचे रबरी माउंट कडक झालेले, बोल्ट थोडे ढिले. ढिल्या बोल्टला पट्टी घट्ट धरता येत नाही. ती घासत राहते आणि वॉशरभोवती लालसर पूड दिसायला लागते. ती पूड म्हणजे आगाऊ सूचना.

मग वेल्डिंग केलं तर? वेल्डच्या कडेला नवी खाच तयार होते आणि थकवा तिथूनच सुरू होतो. महागडं, जास्त ताकदीचं पोलाद आणलं तरी वेल्ड केलेल्या सांध्याची फटीगची ताकद फारशी वाढत नाही. नुसती जाडी वाढवली, तर कंपनसंख्या बदलते; ती सुरक्षित जागी जाईल की दुसऱ्या एखाद्या पटीवर, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि पट्टी वाचली तरी भार पुढे सरकून इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे जाऊ शकतात. पट्टी बदलता येते, ब्लॉक बदलणं परवडत नाही.

संशोधनाला लागणाऱ्या तुमच्यासाठी मुद्दा इथेच आहे. "किती जाड करू?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "कुठून आणि कशानं तुटलं?" त्याचं उत्तर तुटलेल्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. फटीगच्या भागावर ओहोटीनं वाळूत सोडलेल्या रेघांसारख्या वक्र रेघा दिसू शकतात. त्या जिथे एकवटतात, तिथे चीर जन्मली. शेवटी एकदम तुटलेला भाग खडबडीत असतो. हा भाग लहान असेल, तर भार कमी होता आणि थकवाच मुख्य कारण, असं समजायला जागा आहे. मोठा असेल, तर भाराकडे बघा.

म्हणून तुकडा हातात आला की दोन अर्धे एकमेकांना जुळवून बघायचा मोह टाळा. घासले की रेघा पुसल्या, पुरावा गेला. तारेच्या ब्रशनं गंजही काढू नका. जास्त गंजलेला भाग बहुधा आधी उघडा पडलेला असतो. आधी फोटो काढा, कुठला बोल्ट ढिला होता ते लिहा, इंजिन रोज किती फेऱ्यांवर चालायचं ते विचारा. मग नवा ब्रॅकेट बसवून हलक्या हातोडीनं ठोका आणि कंपनसंख्या मोजा. बदल एका वेळी एकच करा. दोन एकदम केले आणि पट्टी टिकली, तर ती कशामुळे टिकली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.